भाड्याच्या छोट्या घरात पानगळीची सजावट: पानं, उजेड, मांजर आणि लहान मूल

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. बाहेर झाडं पिवळी-तांबडी व्हायला लागलीयेत आणि यंदा मला घराच्या आत ऑटमची सजावट करायचीच आहे. जागा म्हणजे हॉल आणि त्याला लागूनच जेवायचं टेबल, बस्स. घर भाड्याचं आहे त्यामुळे खिळे ठोकणं नाही, भिंती रंगवणं नाही. सोफा राखाडी, भिंती पांढऱ्या, छताला एकच मोठा पांढरा दिवा आहे आणि तो लावला की कितीही छान मांडलं तरी सगळं दवाखान्यासारखं दिसतं.

फिरायला गेल्यावर इतकी सुंदर पानं मिळतात, पण आणून बाऊलमध्ये ठेवली की दोन-तीन दिवसांत कडा आत वळतात, रंग उतरतो आणि हात लावला की चुरा. ती टिकवायची कशी? आणि लोक फुलदाणीत अख्ख्या फांद्या ठेवतात त्या महिना महिना तशाच कशा राहतात? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे ज्याच्या तोंडात अजूनही सगळं जातं, आणि एक मांजर आहे जिला कपाटाच्या माथ्यापर्यंत कुठेही जाता येतं, त्यामुळे मेणबत्त्या वगैरे जरा विचार करूनच. अजून एक म्हणजे मला प्लास्टिकच्या पानांच्या माळा आणि 'हॅलो ऑटम' लिहिलेल्या पाट्या नकोयत, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर लावाव्यात, पण मला बाहेर जे चाललंय तेच घरात यायला हवंय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, फोटो ढिगाने सापडतात पण कृती कुठेच धड मिळत नाही.

रानजाई

पानांचं मी सांगते, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

सुट्टी पानं आणि अख्खी फांदी, दोन्हीचं तंत्र पूर्ण वेगळं. आधी सुट्टी पानं. उचलतानाच बघून उचल, देठ वाकवला तर वाकतोय म्हणजे पान नुकतंच पडलंय, कटकन मोडला तर ते दाबून काही उपयोग नाही. घरी आणलीस की त्याच दिवशी दाबायची, उद्यावर टाकायचं नाही कारण कडा वळायला एक रात्र पुरते. ओली असतील तर फडक्याने टिपून घे. मग साधा, पाणी शोषणारा कागद घ्यायचा (चकचकीत मासिकाचा नको, तो ओल शोषतच नाही), पानं एकमेकांवर न येतील अशी पसरायची, वर पुन्हा कागद आणि त्यावर जाड जाड पुस्तकं. दुसऱ्या दिवशी कागद बदल, मग परत तीन-चार दिवसांनी. हे कागद बदलणं लोक टाळतात आणि मग पानावर काळे डाग येतात, कारण ओल तिथेच कोंडून राहते. एक ते दोन आठवड्यांत पान सपाट आणि कोरडं होतं. जिंकोचं पंख्यासारखं पिवळं पान मिळालं तर सोडू नकोस, दाबायला त्याच्याइतकं सरळ पान नाही आणि पिवळा रंगही चांगला धरतं. मेपलची पातळ पानंही छान दाबली जातात. ओकची जाड असतात, त्यांना वेळ जास्त द्यावा लागतो.

घाई असेल तर इस्त्री. मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये पान ठेव, वर सुती फडकं टाक, वाफ पूर्ण बंद, मध्यम गरम इस्त्री एकेका बाजूने थोडा थोडा वेळ फिरव. मेण वितळून पानावर बसतं. केकच्या भांड्यात घालतात तो बेकिंगचा कागद इथे चालत नाही हां, त्याला मेणच नसतं, दोन्ही सारखेच दिसतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि मला सगळ्यात आवडतं ते मधमाश्यांच्या मेणात बुडवणं. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण. मेणाचं भांडं थेट आचेवर कधीही ठेवायचं नाही, मेण पेट घेतं. ते साधारण 62 ते 64 डिग्री सेल्सियसला वितळतं, त्यामुळे फार तापवायची गरजच नसते. एक दिवस दाबलेलं, वरून पूर्ण कोरडं असं पान देठाला धरून बुडवायचं, लगेच वर काढायचं, जादाचं मेण निथळू द्यायचं आणि चिमट्याने दोरीवर टांगायचं. वर काढल्यावर क्षणभर पान ओलं, गडद दिसतं, रंग एकदम उजळलेला असतो आणि मग बघता बघता त्याच्यावर किंचित दुधी साय धरते. ही साय जाड वाटली तर मेण थंड होतं असं समज, थोडं तापवून पुन्हा बुडव. अशी पानं वळत नाहीत आणि त्यांना मंद वासही राहतो.

आता फांद्या. इथे एक गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते. लाल-पिवळी झालेली फांदी फुलदाणीत जास्त दिवस टिकत नाही आणि तिला ग्लिसरीन पाजताही येत नाही (ग्लिसरीन पाण्याबरोबर पानात चढलं की पान वाळून मोडत नाही, मऊ राहतं), कारण रंग बदलतो तेव्हा झाड देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार करून पानाचं पाणी तोडत असतं. पाणीच वर चढत नाही तर ग्लिसरीन कुठून चढणार. म्हणून ग्लिसरीनसाठी फांदी पूर्ण वाढलेल्या पण अजून हिरव्या पानांची, किंवा नुकतीच कुठे बदलायला लागलेली घ्यायची. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, नीट ढवळून. फांदीचं टोक तिरकं काप, खालचे पाच-एक सेंटीमीटर उभे चिर किंवा हातोडीने ठेच, आणि आठ-दहा सेंटीमीटर द्रावणात उभी कर. उन्हापासून लांब ठेव, पातळी खाली गेली की भर घाल. दोन-तीन आठवडे ते सहा आठवडेही लागू शकतात, पान किती जाड त्यावर आहे. शेंड्याकडची पानं मऊ, चामड्यासारखी लागली आणि कडांवर बारीक थेंब फुटायला लागले की पुरे, बाहेर काढ आणि पुसून घे. रंग लाल-केशरी येणार नाही हे आधीच सांगते, तांबूस, चॉकलेटी, शेवाळी असा येतो. बीच, ओक, मॅग्नोलिया, निलगिरी, सगळी मस्त होतात, आणि अशी फांदी वर्षानुवर्षं राहते.

रंगीत सुट्टी पानं मऊच ठेवायची असतील तर तेच द्रावण पसरट ताटात ओत, पानं बुडव, वर दुसरं ताट ठेवून दाब दे. तीन ते पाच दिवसांनी काढून टिपून घे. बोटाने वाकवलीस तरी मोडत नाहीत.

हे सगळं करून झालं की पानं थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नकोस. पिवळा-केशरी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं हरितद्रव्य मोडलं की तो दिसायला लागतो, पण लाल मात्र झाड त्याच दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्याने बनवतं. उजेडाने दोन्ही उतरतात, लाल बऱ्याचदा आधी तपकिरी पडतो. त्यामुळे सगळ्यात लाल पान सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात.

टेकडीवरचा

रानजाई यांनी पानांचं काहीच शिल्लक ठेवलं नाही, वाचूनच करावंसं वाटतंय. पण माझं मत जरा वेगळं आहे, ताई, तुम्ही पानांच्या आधी तो छताचा दिवा बंद करा.

कारण सांगतो. पानगळीच्या ऋतूत दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरच्या आसपास, दक्षिणेत 20-21 मार्चच्या आसपास येतो, आणि त्याच सुमारास दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होत जातो. म्हणजे तुम्ही कामावरून घरी येता तेव्हा अंधारच असतो आणि तुमची पानं, फांद्या, भोपळे जे काही मांडाल ते तुम्ही बहुतेक वेळ दिव्याच्या उजेडातच बघणार आहात. दिवा चुकला तर बाकीची मेहनत दिसतच नाही.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे निळसर पांढरा, तुमचा छताचा बहुधा तोच किंवा त्याच्या जवळपासचा असणार. 2700 म्हणजे पिवळसर उबदार. पानगळीच्या रंगांना हा 2700 वालाच लागतो. दुसरा आकडा लोक बघत नाहीत तो म्हणजे सीआरआय, 100 पैकी असतो, रंग किती खरे दिसतील ते त्यावरून कळतं. 90 च्या वरचा घ्या. त्याहून बराच कमी असलेल्या एलईडीखाली लाल आणि तपकिरी मळकट दिसतात, आणि तुमची सगळी सजावटच लाल आणि तपकिरी आहे.

मग एक मोठा दिवा न लावता तीन छोटे लावा, सगळे बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून खाली. एक सोफ्याच्या शेजारी, एक खिडकीच्या कोपऱ्यात, एक जेवायच्या टेबलाजवळच्या शेल्फवर. कापडी शेड असली की बल्ब डोळ्यात खुपत नाही. फांद्यांची फुलदाणी दिव्याच्या थोडी पुढे ठेवा, भिंतीवर सावल्या पडतात. तुमच्या पांढऱ्या भिंती आहेत ना, त्या सावल्यांसाठी उत्तम, त्यांना नावं ठेवू नका. भाड्याच्या घरात हे सगळ्यात सोयीचं, भिंतीला हात लावायचा नाही, आणि घर सोडताना दिवे बरोबर घेऊन जायचे.

दिवसाचंही एक आहे. या दिवसांत सूर्य दुपारीसुद्धा खाली असतो, त्यामुळे ऊन उन्हाळ्यापेक्षा खोलीत जास्त आतपर्यंत येतं. एक सुट्टीचा दिवस बघा की ऊन कुठवर पोचतं, आणि त्या पट्ट्यात काचेच्या वस्तू, तांब्या-पितळेचं भांडं, लोकरीचं पांघरूण असं ठेवा ज्याच्यावर ऊन पडलं की छान दिसतं. पानं तिथे नकोत, वर सांगितलंच आहे. आणि खिडकीसमोर आरसा टेकवून ठेवला की उजेड दुप्पट वाटतो, फक्त घरात मूल आहे तर आरसा मागून पक्का बांधा.

खिडकीपाशी

बाप रे, किती मनापासून लिहिलंय दोघांनी, खूप खूप थँक्स. हिरवी फांदी घ्यायची हे मला कधीच सुचलं नसतं. दिव्यांचं आजच बघते.

दोन शंका. खिडकीच्या काचेवर पानं चिकटवावीत असं डोक्यात होतं, संध्याकाळी बाहेरून येताना दिसतील म्हणून, पण सकाळी काचेला आतून पाणी धरतं. आणि टांगायचं काय नि कशाला? मला जेवायच्या टेबलावर वरून काहीतरी लटकवायचंय.

जुईली

काचेला आतून पाणी धरत असेल तर नुसतं वाळवलेलं पान तिथे लावू नका, ते ओल पितं, परत वळतं आणि आठवडाभरात मागे बुरशीचे ठिपके. मेणातलं पान चालेल, पण काचेला न चिकटवता वरच्या चौकटीवरून दोऱ्याने सोडा, काच आणि पान यात बोटभर तरी अंतर राहू दे. चौकटीला कागदी चिकटपट्टी लावा, रंग न उखडता निघून येते. खिडकीत ऊन येत असेल तर रंग जाणार हे धरूनच लावा, उतरला की नवीन पान, बाहेर कमी नाहीत.

टेबलावर टांगायला सगळ्यात सोपं म्हणजे एक सुकी वाकडी काठी. हाताएवढी लांब, साल सुटी असेल तर सोलून टाका. पडद्याच्या दांडीवरून किंवा चिकटणाऱ्या हुकवरून दोन दोऱ्यांनी आडवी सोडायची आणि तिला वेगवेगळ्या लांबीवर पानं. हुकवर तो किती वजन पेलतो ते लिहिलेलं असतं, त्याच्या निम्म्याच्या वर जाऊ नका.

पण मी खरं लिहायला आले ते मांजर आणि मुलासाठी, कारण माझ्याकडेही दोन्ही आहेत आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

मांजराला दोरे खाली लोंबलेले दिसले की ती ओढणार, आणि दोरा गिळला तर आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत जातं. त्यामुळे दोरा तिच्या उडीच्या टप्प्याच्या वर, किंवा दोऱ्याऐवजी कडक तार. कपाटावरून टेबलावर उडी बसत असेल तर काठी दुसरीकडे, तिथे नकोच. फुलांत शेवंती या सीझनला सगळीकडे असते आणि दिसतेही सुंदर, पण मांजर आणि कुत्रा दोघांनाही ती बाधते, लाळ गळणं, उलट्या. लिली तर मांजर असलेल्या घरात आणूच नका, खरी लिली असेल तर नुसता पराग अंगावरून चाटला तरी किडनी जाऊ शकते. ऑटम क्रोकस म्हणून जांभळी फुलं येतात, पानांशिवाय थेट जमिनीतून उगवलेली, त्यांचा कंदही अतिशय विषारी, माणसालासुद्धा. सुगंधासाठी दालचिनी-लवंगेच्या तेलाचा डिफ्यूझर लावायचा विचार असेल तर तोही सोडून द्या, मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

मुलाचं म्हणजे एकॉर्न (ओकचं टोपीवालं फळ), हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत बिया, रानातली लाल फळं हे सगळं बरोब्बर घशात अडकेल अशा मापाचं असतं, आणि हॉर्स चेस्टनट खायचं नसतंच, विषारी आहे. हे उघड्या बाऊलमध्ये न ठेवता झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणी उंचावर ठेवा, बरणीत तर अजूनच छान दिसतं. लाल-केशरी फळांच्या वेली कुठल्या आहेत हे ओळखता येत नसेल तर आणू नका.

मेणबत्तीच्या जागी बॅटरीवाल्या घेणार असाल तर मागचं झाकण स्क्रूने बंद होणारं आहे ना ते बघा. आत बहुतेक वेळा बटणासारखा सेल असतो, तो मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून भाजते, अशा वेळी घरी थांबून बघायचं नाही, तडक हॉस्पिटल. हे वाचून घाबरू नका, पण झाकण नक्की बघा. खरी मेणबत्ती मूल झोपल्यावर, तुम्ही समोर बसलेल्या असताना, वात सहा मिलिमीटरपर्यंत कापून, आणि वाळलेल्या फांदी-पानापासून चांगली हातभर लांब. मेण लावलेलं पान तर वातीसारखंच पेटतं.

रानजाई

जुईली, सेलचं फार महत्त्वाचं सांगितलंस. मेणाच्या पानाचंही बरोबर आहे, मी वर लिहायला हवं होतं.

एकॉर्न आणि पाईन कोन, म्हणजे पाईनच्या झाडाचे खवल्याखवल्यांचे लाकडी शंकू, यांच्याबद्दल थोडं. बरणीत भरायच्या आधी ती भाजावी लागतात, नाहीतर आतून किडे निघतात. एकॉर्न आधी पाण्यात टाक, तरंगतात ती बहुतेक पोखरलेली असतात, काढून टाक. गोल बारीक भोक असलेल्यातली अळी बाहेर पडून गेलेली असते, खरी ती बिनभोकाच्या फळात अजून असू शकते म्हणून भाजणं टाळू नकोस. नीट पुसून, ओव्हनमध्ये ट्रेवर एका थरात, साधारण 90 डिग्रीला, अधूनमधून हलवत, पूर्ण वाळेपर्यंत. पाईन कोनही साधारण तेवढ्याच गरमीला अर्धा तास, ट्रेवर कागद घाल कारण चीक वितळून गळतो. समोर उभं राहूनच कर, सोडून जाऊ नकोस.

कोन धुतलेस तर ते मिटून मुठीएवढे होतील, घाबरू नकोस, खराब झालेले नाहीत. खवल्याचा बाहेरचा थर पाण्याने लांबतो आणि खवला आत वळतो, वाळला की पुन्हा उघडतो. माझी मुलं हे तासन्‌तास बघत बसतात, पाण्याच्या ग्लासात एक टाकायचा आणि एक कोरडा शेजारी ठेवायचा. तुझ्या मुलासाठी सजावटीतला हाच भाग सगळ्यात मजेचा होईल बघ, आणि चांगला मोठा कोन घेतलास तर तोंडात जायची भीती नाही.

आणि सगळ्यांनाच, फांद्या कापायच्या आधी जागा कुणाची आहे बघा. बऱ्याच उद्यानांत आणि राखीव जंगलात तोडायला बंदी असते, काही ठिकाणी पडलेलंही उचलू देत नाहीत. आपल्या किंवा ओळखीच्या अंगणातलं विचारून घेतलेलं उत्तम. पांपास गवताचे मोठे तुरे हल्ली फार दिसतात, पण ते अनेक ठिकाणी आक्रमक तण म्हणून पसरलंय, जुने तुरे कंपोस्टमध्ये किंवा बाहेर टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात.

धुकं

सगळ्यांचं वाचलं, खूप उपयोगी आहे, पण आता एवढं सगळं त्या छोट्या हॉलमध्ये एकदम मांडलं तर बाहेरचं काहीच आत आल्यासारखं वाटणार नाही, नुसती गर्दी होईल. माझं म्हणणं आहे की एकच जागा निवडायची. तुमच्या घरात ती जेवायचं टेबल किंवा खिडकीचा कट्टा असेल. तिथे मनासारखं, आणि बाकी खोलीत फक्त त्याचे पडसाद, इथे एक उशी, तिथे एक फांदी.

रंगांबद्दल. ऑटम म्हटलं की सगळे केशरी घेऊन येतात. एकदा खरंच झाडाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. केशरी थोडंसंच असतं. बाकी ओल्या मातीचा गडद तपकिरी, सालीचा राखाडी, शेवाळाचा हिरवा, वाळल्या गवताचा फिकट पिवळा, आणि कुठे कुठे अगदी जांभळट लाल. तुमचा राखाडी सोफा त्या सालीच्या रंगात आपोआप बसतो, त्याच्यावर शेवाळी हिरव्या आणि जांभळट लाल उशा टाका, केशरी फक्त एका ठिकाणी. निळ्याच्या शेजारी केशरी सगळ्यात उठून दिसतं, त्यामुळे घरात एखादं निळं भांडं असेल तर केशरी पानं त्यातच. कापडात जाड विणीची लोकर, मखमल, कॉर्डरॉय, जे काही हात लावल्यावर ऊब देतं ते. उशांचे फक्त अभ्रे बदला, अख्ख्या उशा नकोत, ठेवायला जागा लागते.

भोपळे ठेवणार असाल तर न कोरलेले. कोरलेला काही दिवसांतच खचतो, अख्खा मात्र थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो. घेताना देठ शाबूत आणि सुकलेला बघा, सालीवर ओरखडा नको, आणि देठाला धरून उचलू नका कारण देठ तुटला की सड तिथूनच सुरू होते. पुसून कोरडा करा, खाली पुठ्ठा किंवा लाकडी फळी ठेवा, थेट फर्निचरवर नको, खालून मऊ पडला तर डाग जात नाही. आठवड्यातून एकदा उचलून तळाला अंगठा दाबून बघा. हीटरजवळ अजिबात नको. छोटे चट्टेपट्टे असलेले शोभेचे मिळतात ते पुढे खायच्या कामाला येत नाहीत, कडूजहर असतात आणि त्यांनी पोट बिघडतं.

आणि हायड्रेंजिया (मोठ्या गोल गुच्छांत येणारं फूल) कुणाकडे असेल तर मागून घ्या. झाडावरच पाकळ्या कागदासारख्या लागायला लागल्या की कापायचा, फुलदाणीत बोट-दोन बोट पाणी, आणि ते पाणी आटू द्यायचं. भर घालायची नाही. हिरवट, जांभळट, मातकट असा वाळतो की त्याच्या शेजारी दुसरं काही ठेवावंसं वाटत नाही. फक्त मांजराचं बघा, ती पानं-फुलं चावणारी असेल तर हायड्रेंजियाही तिच्या टप्प्यात नको.

खिडकीपाशी

एकच जागा हे वाचून एकदम सुटल्यासारखं वाटलं. खिडकीचा कट्टा ठरला. जेवायच्या टेबलावरचं लटकवणं मांजरामुळे रद्द, कपाट अगदी शेजारीच आहे.

आता क्रम सांगा ना, आधी काय करू? आणि सीझन संपल्यावर हे सगळं ठेवायचं कसं, की टाकूनच द्यायचं?

जुईली

ग्लिसरीनची फांदी आजच लावा, कारण झाडं बदलायला लागली आहेत म्हणताय, अजून चार-आठ दिवस गेले की सगळी रंगीत होतील आणि मग जमणार नाही. हिरवी आता मिळालीच नाही तर यंदा ताटातल्या सुट्ट्या पानांवर भागवा, फांदी पुढच्या वर्षी जरा लवकर. दाबायची पानं मात्र घाई नाही, रंग ऐन भरात येईपर्यंत थांबा, छान ऊन पडणारे दिवस आणि गारठ्याच्या पण पाणी न गोठणाऱ्या रात्री असा आठवडा आला की लाल सगळ्यात चांगला येतो, तेव्हा बाहेर पडा. दिवे मधल्या वेळात. भोपळे सगळ्यात शेवटी.

टेकडीवरचा

ठेवण्याचं मी सांगतो. दाबलेली आणि मेणाची पानं कागदाच्या थरांमध्ये, चपट्या खोक्यात, गार जागी, माळ्यावर उन्हाळ्यात तापतं तिथे मेण मऊ होऊन सगळी एकमेकांना चिकटतील. ग्लिसरीनची फांदी उभीच राहू द्या, धूळ बसली की ओलसर फडक्याने एकेक पान पुसायचं. तिला बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, ती ओल सोडते आणि बुरशी धरते. कोन आणि एकॉर्न बरणीत तसेच, वर तारखेची चिठ्ठी. भोपळा मऊ पडला की कंपोस्ट. ताटातली मऊ पानं एक सीझन वापरून सोडून द्या, पुढच्या वर्षी नवीन.

रानजाई

ग्लिसरीनचं उरलेलं द्रावण टाकू नकोस गं, गाळून बाटलीत भर, पुढच्या वेळी तापवून परत वापरता येतं. फक्त मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव आणि वर ठळक लिही. फांदी लावलीस की इथे सांग, पहिल्या आठवड्यात बदल दिसत नाही तेव्हा सगळे उचकून काढतात, तू काढू नकोस.

खिडकीपाशी

नाही काढत. शेजाऱ्यांच्या अंगणात बीचचं झाड आहे, विचारलंय, त्या म्हणाल्या हवी तेवढी ने. खालच्या फांद्या अजून हिरव्याच आहेत. आज संध्याकाळी हातोडी घेऊन बसते.